नगरपालिकेची माणसे आणि त्यांचे शिक्षण

नगरपालिका म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घरपट्टीची पावती येते, तुंबलेले गटार येते, रस्त्यातला खड्डा येतो. माणूस मात्र फारसा येत नाही. वस्तुतः नगरपालिका म्हणजे इमारत नव्हे, कायदा नव्हे आणि अंदाजपत्रकही नव्हे. पहाटे झाडू हाती घेणारा कामगार, जन्माची नोंद करणारा कारकून, नळाची चावी फिरवणारा माणूस, नकाशा तपासणारा अभियंता आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, अशा माणसांचा समुदाय म्हणजेच नगरपालिका होय. ही माणसे निवडली कशी जातात, त्यांना काम शिकवते कोण आणि शिकलेल्याची कदर होते की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर शहराचे आरोग्य अवलंबून असते. अलीकडे या विषयाला 'मनुष्यबळ विकास' असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव भारदस्त असले तरी विषय घरगुती आहे. म्हणूनच ट्रस्टच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तो सभासदांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

शब्दांची साक्ष

आरंभ शब्दांपासून करू. हैदराबादेत जुनी माणसे नगरपालिकेला आजही 'बल्दिया' म्हणतात. अरबीत 'बलद' म्हणजे शहर; त्यावरून हा शब्द आला. आपल्या मराठी कचेरीतलेही किती तरी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. कारकून म्हणजे काम करणारा. मुकादम म्हणजे पुढे असणारा, ज्याच्या मागे टोळी चालते तो. हजेरी म्हणजे हजर असणे. काळाच्या ओघात या शब्दांचे अर्थ झिजले. कारकून म्हणजे कागद अडवणारा, मुकादम म्हणजे ओरडणारा आणि हजेरी म्हणजे वहीतली सही, असे अर्थ रूढ झाले. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हणही याच झिजेतून जन्मली असावी. शब्दांना त्यांचे मूळ अर्थ परत मिळवून देणे, हेच एका अर्थाने कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणता येईल.

हैदराबादचा जुना धडा

आपल्या शहरात नगरपालिकेच्या कारभाराचा पाया १८६९ साली, पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत घातला गेला. सालारजंगांपुढे पहिला प्रश्न पैशाचा होता आणि दुसरा माणसांचा. नव्या पद्धतीचा कारभार चालवण्यास जाणती माणसे संस्थानात पुरेशी नव्हती, म्हणून त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली मंडळी आणली. उपाय तातडीचा होता आणि तो लागू पडला. परंतु बाहेरची माणसे आणली की घरची माणसे मागे राहतात. 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हा वाद पुढे कित्येक दशके हैदराबादेत धुमसत राहिला, त्याचे एक मूळ येथे आहे. दुसरा उपाय म्हणजे घरचीच माणसे तयार करणे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून देण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला, त्यामागे ही गरजही होती. त्या काळी मराठवाड्याचे पाच जिल्हे याच संस्थानात होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबादकडच्या मराठी मुलांना सरकारी नोकरी करावयाची तर उर्दू आत्मसात करावी लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली व ते जिल्हे मुंबई राज्यात गेले.

माणूस कामाला कसा घडतो याचे आणखी एक उदाहरण याच शहराने पाहिले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले; १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले; १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर बांधून पुरे झाले. आपण विश्वेश्वरय्यांचे नाव घेतो, ते योग्यच आहे. तथापि धरण बांधून झाल्यावर दरवाजे केव्हा उघडावयाचे, पाण्याची पातळी कोणत्या वहीत लिहावयाची आणि पावसाळ्यात रात्री कोणी जागावयाचे, हे काम पिढ्यान्पिढ्या निनावी माणसे करीत आली. महापुरुष योजना देऊन जातो. ती चालवतो तो शिकलेला सामान्य कर्मचारीच.

पुढे १९६० साली हैदराबाद व सिकंदराबाद यांच्या महापालिका एक झाल्या. १६ एप्रिल २००७ रोजी आसपासच्या १२ नगरपालिका व ८ ग्रामपंचायती सामील होऊन बृहन् हैदराबाद महानगरपालिका झाली. पाटी एका दिवसात बदलता येते. परंतु वीस ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकांचा मेळ घालणे, ज्येष्ठतेच्या याद्या एक करणे, एकाची नोंदवही दुसऱ्यास समजेल अशी करणे, ही कामे पाटीबरोबर होत नाहीत. शहरांची हद्द वाढवताना जमिनीचा नकाशा सर्वजण पाहतात. माणसांचा नकाशा क्वचितच कोणी पाहतो.

शिकवण्याची सोय आहे काय?

आहे, आणि ती बरीच आहे. मुंबईस १९२६ साली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन झाली. स्वच्छता निरीक्षक आणि स्थानिक स्वराज्याची पदविका यांसारख्या अभ्यासक्रमांतून नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांच्या अनेक पिढ्या तिने तयार केल्या. १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाचा पुरस्कार केला. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंचायत राज्याचा प्रारंभ झाला आणि त्याच सुमारास आंध्र प्रदेशानेही तो मार्ग धरला. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. एवढी सत्ता खाली आली, तेव्हा ती वापरणारी माणसे तयार करणे ओघानेच आले. १९६३ साली मुंबईस शासनाचे प्रशासकीय प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. ते १९८४ मध्ये पुण्यास गेले आणि १९९० पासून यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने 'यशदा' म्हणून ओळखले जाऊ लागले.

आपले हैदराबाद तर या बाबतीत श्रीमंतच म्हटले पाहिजे. बेला व्हिस्टा या जुन्या राजवाड्यातील ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज १९५६ सालचे. कोल्हापूरला जन्मलेले आणि भारताचे लष्करप्रमुख राहिलेले जनरल सत्यवंत श्रीनागेश १९५७ ते १९५९ या काळात त्याचे प्राचार्य होते. मराठी वाचकांना याचे कौतुक वाटेल. मसुरीस १९५८ साली निघालेली ग्रामविकासाची केंद्रीय संस्था १९६५ मध्ये राजेंद्रनगरला आली. तीच आजची राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्था. उस्मानिया विद्यापीठात नागरी अभ्यासाचे प्रादेशिक केंद्र १९७० पासून आहे आणि राज्य शासनाची प्रशिक्षण संस्था, जिला पुढे डॉ. मर्री चेन्ना रेड्डी यांचे नाव मिळाले, ती १९७६ पासून आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' जाहीर केले. त्यान्वये कर्मचाऱ्यास संगणकावर किंवा मोबाईलवर पाठ घेता येतात.

असे असूनही खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकाचा अनुभव फारसा का बदलत नाही? आमच्या मते कारण असे, की शिक्षणाची सोय वरून खाली झिरपत येते आणि वाटेतच आटते. वरिष्ठ अधिकारी वर्षातून दोनदा शिबिरास जातो. मधला कारकून नोकरीच्या उभ्या आयुष्यात एखाद्या वेळी जातो. सफाई कामगार बहुधा कधीच जात नाही. ज्याचे काम नागरिकाच्या दाराशी घडते त्याला शिक्षण सर्वांत कमी, असा हा उलटा हिशेब आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शिक्षकाच्या नजरेतून

आम्ही पेशाने शिक्षक असल्यामुळे येथे एक तुलना सुचते. शाळेत शिकवावयाचे तर नुसती पदवी पुरत नाही. अध्यापनाची पदवी घ्यावी लागते, सरावपाठ द्यावे लागतात, मागच्या बाकावर बसलेला निरीक्षक आपल्या चुका टिपतो, आणि मगच वर्ग ताब्यात मिळतो. नगरपालिकेत मात्र परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण पुष्कळदा सोमवारी हजर होतो आणि मंगळवारी टेबलावर बसतो. शेजारचा जुना कारकून त्याला सांगतो, "मागची फाईल पाहा आणि तशीच टिपणी लिहा." झाले शिक्षण! 'मागील पानावरून पुढे चालू' हा मग केवळ जमाखर्चाचा शिरस्ता राहत नाही, तो विचाराचाही शिरस्ता बनतो.

यावर कोणी म्हणेल, काम करता करता माणूस शिकतोच. टक्केटोणपे खाल्ल्यावाचून शहाणपण येत नाही. म्हणणे खरे आहे, परंतु अर्धेच. कारकून शिकत असताना टक्केटोणपे खातो तो नागरिक! शिवाय काम करता करता माणूस आधीच्याचे कौशल्य जसे उचलतो तशा त्याच्या चुकाही उचलतो, आणि कोणती चूक व कोणते कौशल्य हे सांगणारा तेथे कोणी नसतो.

एक लहानसे उदाहरण घेऊ. त्यावरून या विषयाची धार ध्यानात येईल. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. जन्माची वर्दी २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. त्या वेळी मुलाचे नाव ठरलेले नसल्यास ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून दाखल करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यातील दुरुस्ती अमलात आली. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी अशा अनेक बाबतींत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरावयाचा आहे. म्हणजे या एका कागदाचे वजन पूर्वीपेक्षा किती तरी वाढले.

आता हा कागद लिहिणाऱ्या कारकुनासमोर काय काय येते ते पाहा. मराठी घरात आधी मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, अशी रीत. तेलुगु घरात 'इंटिपेरु', म्हणजे घराण्याचे नाव, आधी, आणि तेही पुष्कळदा एका अक्षराने. मुसलमान घरांत तर अनेकदा आडनावच नसते. 'शेख' किंवा 'सय्यद' आधी येते, 'मोहम्मद' हा नावाचाच भाग असतो. या तीन रीती ज्याला कोणी समजावून सांगितल्या नाहीत तो कारकून काय करील? समोरच्या चौकटीत बसेल तसे लिहील. मग मराठी मुलीच्या वडिलांचे नाव तिचे आडनाव होते, आणि सख्ख्या भावाबहिणींची 'आडनावे' निरनिराळी होतात. ही चूक सहा वर्षांनी शाळेच्या दाखलपुस्तकाजवळ उघडकीस येते, सोळाव्या वर्षी परीक्षेच्या अर्जात पुन्हा डोके वर काढते आणि पारपत्राच्या वेळी घर डोक्यावर घेते. प्रतिज्ञापत्रे, राजपत्र, हेलपाटे! कारकून दुष्ट नव्हता, आळशीही नव्हता. त्याला अर्ध्या दिवसाचा एक पाठ मिळालेला नव्हता, एवढेच.

चांगला पाठ कसा असतो हेही येथेच सांगता येईल. प्रथम गरज शोधावी: चुका कोणत्या स्तंभात सर्वांत अधिक होतात ते मागील वर्षाच्या दुरुस्ती-अर्जांवरून पाहावे. मग उद्दिष्ट ठरवावे: 'कर्मचाऱ्यांना जागरूक करणे' असे मोघम नको; 'तीन रीतींची दहा नावे देऊन ती बिनचूक लिहिता येणे' असे मोजता येईल असे हवे. मग थोडे सांगावे आणि पुष्कळ करवून घ्यावे. शेवटी सहा महिन्यांनी दुरुस्तीचे अर्ज घटले काय हे मोजावे. न घटल्यास दोष विद्यार्थ्यास देऊ नये, पाठ तपासावा. भाषणे, हार, चहा आणि प्रमाणपत्र यांनी भरलेला दिवस म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

जेथे अज्ञान जिवावर बेतते

कारकुनाच्या अज्ञानाने नागरिकास हेलपाटे पडतात. परंतु याच नगरव्यवस्थेत अशीही एक जागा आहे, जेथे अज्ञानाची किंमत प्राणांनी द्यावी लागते. ती जागा म्हणजे गटाराचे भुयार. मैलापाणी साचून कुजले की त्यातून विषारी वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचा सडका वास सुरुवातीस येतो खरा, परंतु प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि उतरलेल्या माणसाला वाटते की हवा निवळली. पहिला माणूस कोसळतो, त्याला वाचवावयास दुसरा उतरतो, तोही कोसळतो, कधी तिसराही. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो.

माणसाने हाताने मैला साफ करण्याची प्रथा व संरक्षक साधनांवाचून गटारात उतरवणे या दोहोंना २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंबद्दल वारसांस १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाखांवर नेली. न्यायालयाने मृत्यूचे मोल वाढवले. जिवंतपणीचे मोल वाढवणे हे आपल्या हाती आहे. हैदराबादच्या जलमंडळाने २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांतही शिरतील अशी ७० लहान यंत्रवाहने गटारसफाईसाठी आणली, आणि ती चालवण्याचे काम दलित व आदिवासी उद्योजकांकडे सोपवले. उतरणारा माणूस यंत्राचा चालक किंवा मालक होऊ शकतो, ही गोष्ट येथे दिसून आली. परंतु यंत्र आले म्हणजे शिक्षणाची गरज संपली असे नव्हे, ती वाढली. यंत्राची निगा, दाबाचा अंदाज, झाकण उघडून हवा खेळू देणे, वायू मोजणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'कोसळलेल्याच्या मागे मोकळ्या तोंडाने उतरू नये' हा नियम, हे सारे शिकवावे लागते. तेही एकदाच सांगून भागत नाही. दर वर्षी घोटून घ्यावे लागते.

परंतु शिकवावयाचे कोणाला? पुष्कळ शहरांत सफाईचे काम आज ठेक्याने चालते. ठेकेदार बदलतो, माणसे बदलतात. नगरपालिका म्हणते, ही आमची माणसे नव्हेत. ठेकेदार म्हणतो, माझा ठेका वर्षाचाच. दोघांच्या मध्ये शिक्षणाचा खर्च कोणीच उचलत नाही, आणि अनुभव गोळा होण्यापूर्वीच विखुरतो. ठेका द्यावयाचाच तर त्यात शिक्षणाचे दिवस, साधने आणि कामगाराच्या नावाची नोंद या अटी घालाव्यात, एवढी मागणी तरी नागरिकांनी केली पाहिजे.

वारसा आणि शिडी

सफाई कामगारांच्या संघटनेचा इतिहास सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव प्रथम घ्यावे लागते; १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ त्यांनी उभा केला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, मुंबई सरकारने या कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यास बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. पुढे १९७५ मध्ये महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसास नेमण्याची तरतूद झाली.

या तरतुदीकडे दोन बाजूंनी पाहिले पाहिजे. ज्या कामाला समाजातील अन्य कोणी हात लावीत नव्हता ते काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांच्या मुलाबाळांची चूल पेटती राहावी, ही तिची माणुसकीची बाजू. परंतु वारशात घर मिळावे, शेत मिळावे. झाडू वारशाने मिळणे हे दुर्दैव होय. पदवीधर झालेला मुलगाही घराची नोकरी सुटू नये म्हणून झाडू उचलतो, अशी उदाहरणे घडतात. मग ही तरतूद काढून टाकावी काय? तसे आम्ही म्हणणार नाही. हातची भाकरी हिरावून कोणाला विकास शिकवता येत नाही. उपाय असा, की त्या जागेच्या वर एक शिडी असावी. कामगार म्हणून लागलेल्यास नोकरीत राहून दहावी करता यावी, मग मुकादमाची, स्वच्छता निरीक्षकाची, यंत्रचालकाची परीक्षा देता यावी. अभ्यासास पगारी रजा असावी. शिक्षण आणि बढती यांची गाठ घातली तरच दोन्हींना अर्थ आहे. बढतीवाचून शिक्षण कोरडे राहते, आणि शिक्षणावाचून बढती म्हणजे केवळ म्हातारे होण्याचे बक्षीस!

पुण्याचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील कचरावेचक स्त्रियांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना बांधली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी तिच्याशी करार केला. कोणता कचरा विकला जातो, कोणता कुजतो, कोणता घातक, हे ज्ञान त्या बायांपाशी आधीपासून होते. ते ज्ञान आहे, हे मान्य करणारे मात्र कोणी नव्हते. कर्मचाऱ्याचा विकास म्हणजे दर वेळी त्याच्या डोक्यात काही नवे भरणे असे नव्हे. जे आहे ते ओळखणे हाही विकासच.

खर्चाचे काय?

प्रशिक्षणास पैसा नाही, असे नेहमी सांगण्यात येते. फ्रान्समध्ये नगरपालिकांच्या व इतर स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी एक राष्ट्रीय शिक्षणकेंद्र आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या पगारखर्चाच्या सुमारे एक टक्का रक्कम त्या केंद्रास द्यावी, असा तेथे कायदा आहे. त्यामुळे लहान गावाच्या माळ्यालाही मोठ्या शहराच्या अभियंत्याप्रमाणे शिकण्याचा हक्क मिळतो. शंभर रुपये पगारावर खर्च करणाऱ्याने ते नव्याण्णव रुपये वाया जाऊ नयेत म्हणून एक रुपया शिक्षणावर खर्च करणे, याला उधळपट्टी कोण म्हणेल?

आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवण्याजोगे १८ विषय नमूद केले. विषय आले, निवडणुका आल्या. त्या विषयांचे काम पेलणारा शिकलेला कर्मचारीवर्ग मात्र त्या गतीने आला नाही. घटनेतील शब्द जमिनीवर उतरतो तो माणसाच्या हातातून.

ट्रस्टने आणि आपण काय करावे?

चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत जाऊन पाहावे. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले तरुण-तरुणी सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत बसलेले दिसतात. उद्याची नगरपालिका तेथे बाकावर बसलेली आहे! आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील मुलेही त्यांत असतील. आपण त्यांना 'नोकरी लागली का?' एवढेच विचारतो; 'काम कोणते करणार?' असे विचारीत नाही. या मुलांसाठी ट्रस्टने महिन्यातून एक रविवार राखून ठेवावा आणि सरकारी वा नगरपालिकेच्या सेवेतून निवृत्त झालेल्या सभासदांनी त्यांना कामाच्या गोष्टी सांगाव्यात. चांगली टिपणी कशी लिहितात, नियम आणि माणुसकी यांचा मेळ कसा घालतात, दडपण आल्यास 'नाही' हा शब्द कोणत्या भाषेत उच्चारतात, हे कोणत्याही परीक्षेच्या पुस्तकात नसते. ते निवृत्तांच्या गाठीशी असते, आणि न सांगितल्यास त्यांच्याबरोबरच जाते.

दुसरी गोष्ट नोंदींची. जन्माच्या दाखल्याचा अर्ज भरताना नाव कोणत्या क्रमाने लिहावे, एवढे सांगणारा एक कागद मराठी, तेलुगु व उर्दू अशा तिन्ही भाषांत छापून ट्रस्टच्या कचेरीत ठेवता येईल. कारकुनास शिकवणे आपल्या हाती नसले तरी त्याच्यासमोर स्वच्छ भरलेला अर्ज ठेवणे आपल्या हाती आहे.

तिसरी गोष्ट सत्काराची. वर्षातून एकदा सफाई कामगारास शाल-श्रीफळ देण्याची पद्धत चांगली आहे. परंतु शालीने शिडी होत नाही. आपल्या गल्लीतील सफाई कामगारांपैकी ज्यास अडलेली दहावी पुरी करावयाची आहे त्याचे शुल्क ट्रस्टने भरावे, आणि आम्हां शिक्षकांपैकी कोणी संध्याकाळी त्यास शिकवावे. त्याच्या मुलांच्या शिष्यवृत्तीइतकाच हा खर्च पुण्याचा आहे. कारण शिकलेला बाप घरी अभ्यासाचा दिवा स्वतः लावतो.

शेवटची गोष्ट घरची. ट्रस्ट हीदेखील एक संस्थाच आहे. तिचा हिशेब लिहिणारा, दार उघडणारा, सभागृह झाडणारा असे सेवक तिच्याही पदरी असतात. नगरपालिकेस जे सांगावयाचे ते आधी आपल्या घरी करून पाहावे. त्यांना नवी हिशेबपद्धती शिकण्यास पाठवावे, त्यांच्या सूचना सभेच्या इतिवृत्तात त्यांच्या नावाने लिहाव्यात, त्यांचा विमा आणि रजा यांची चौकशी करावी. पन्नास वर्षांत ट्रस्टने जे उभे केले त्यात देणगीदारांच्या रुपयाइतकाच या सेवकांच्या हातांचा वाटा आहे, हे या महोत्सवात आठवणे अगत्याचे आहे.

सारांश, माणूस निवडावा तो योग्यतेने, घडवावा तो शिक्षणाने आणि टिकवावा तो सन्मानाने. ही तीन कामे ज्या शहरात होतात तेथील गटारे वाहती राहतात, नोंदी बिनचूक होतात, आणि पहाटे कामावर गेलेला माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परततो. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत त्याचा थोडा हातभार या कार्यास लागो, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.